माईक सोडायचा नाही

"आज एक तरी फोन आला तर चालू ठेवीन. नाहीतर रविवारचा मराठी अर्धा तास बंद," असं प्रिन्सिपल भरद्वाजांनी बजावलं होतं. तंजावरच्या त्या कॉलेज रेडिओत भुवनाने हा अर्धा तास पाच वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटचा उपाय म्हणून तिने जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी सांगायला निवृत्त निवेदक सेतुमाधवमामांना बोलावलं. त्यांना पाच मिनिटं, मग पूर्वी बातम्या वाचणाऱ्या कमलाक्षीबाई. पुढचा माणूस खुर्चीपाशी आल्याशिवाय माईक सोडायचा नाही, हा रेडिओतला नियम मामांनीच घातलेला.

लाल दिवा लागला, मामा बोलू लागले. कमलाक्षीबाईंना आणायला भुवना बाहेर गेली. परत येऊन तिने दार ओढलं, तर मूठच तिच्या हातात आली.

"अय्यो! सुताराला बोलाव की गं," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

सुताराला निरोप गेला. तोवर मामांनी आतून दार उघडावं म्हणून भुवनाने काचेतून दोन्ही मुठी दोन बाजूंना ताणून खूण केली. रेडिओत या खुणेचा अर्थ एकच: लांबवा. मामांनी मान डोलावली आणि लांबवलं.

सात मिनिटांत सगळ्यांचे गुण गाऊन संपले. मग मामा खऱ्यावर आले.

"आमचा वॉचमन रंगराव. भला माणूस. पण अँटेनाखाली वडाम, म्हणजे आपल्या तांदळाच्या कुरडया, वाळवायचा. कावळे आले की बातम्या खरखरायच्या."

फोन वाजला. ओरत्तनाडूहून रंगराव. "वडाम माझे नव्हते! अनिरुद्धराव इंजिनिअरच्या घरचे!" पाठोपाठ तिरुवैयारूहून अनिरुद्धराव कडाडले.

आत मामा सांगतच होते, "कमलाक्षीबाई बातम्या वाचता वाचता चकलीसारखा मुरुक्कू खात. ती कुरकुर ऐकून लोक आपले रेडिओ दुरुस्तीला टाकायचे."

"एकदाच खाल्ला होता!" कमलाक्षीबाई काच बडवू लागल्या. मामांना वाटलं, टाळ्या. त्यांना आणखीच चेव आला.

सुताराला घेऊन प्रिन्सिपल धावत आले. "काय चाललंय हे? बंद करा!"

"सर, अकरा फोन आले," भुवना म्हणाली.

"सगळ्या तक्रारी!"

"मग? ऐकल्याशिवाय केल्या का, सर?"

आत मामा म्हणत होते, "तेव्हा एक नवा लेक्चरर होता, भरद्वाज. भजनाची सीडी लावून झोपला. सीडी संपली, माईक चालू. पुढं वीस मिनिटं तंजावरनं काय ऐकलं सांगू?"

सुताराने दार उघडलं आणि प्रिन्सिपल आत घुसले.

"पुढचा माणूस आला," मामांनी माईकवर जाहीर केलं, खुर्ची दिली आणि निवांत बाहेर पडले.

लाल दिवा चालूच होता. मामांच्या हाताखाली तयार झालेले प्रिन्सिपल मुकाट्याने बसले. घसा खाकरून म्हणाले, "नमस्कार. त्या दिवशी मला ताप होता."

बाहेर फोन वाजला. त्यांच्या बायकोचा, वरलक्ष्मीचा. "कसला ताप? रात्रभर पत्ते खेळत होते की!"

 तापाचं सांगून झाल्यावर प्रिन्सिपल काचेतून गळ्यावरून हात फिरवून थांबवण्याची खूण करू लागले. कमलाक्षीबाई आत निघाल्या, तर भुवनाने त्यांचा हात धरला. एका कागदावर, तंजावरच्या मराठी माणसांच्या सवयीने, तमिळ अक्षरांत तिने लिहिलं, "पुढचा रविवार?" आणि तो काचेला लावला.

प्रिन्सिपलनी मान फिरवली.

भुवनाने कागद दातांत धरला आणि दोन्ही मुठी सावकाश ताणल्या.

प्रिन्सिपलनी हेडफोन पडेपर्यंत मान डोलावली. तेव्हा कुठे तिने कमलाक्षीबाईंना आत सोडलं.