घोरमोड उशीची परीक्षा

उद्देश

घड्याळजींनी घोरणं थांबवणारी उशी केली होती. डोकं ठेवणारा घोरू लागला की उशीतला चिमुकला पंप फुगा फुगवी आणि मान अलगद कुशीला वळवी. मान वळली की घोरणं बंद. निदान कागदावर तरी.

"ही चालली नाही तर गॅलरी माझी," बायको म्हणाली. ती कपडे शिवायची आणि उजेडासाठी तिला मशीन गॅलरीत हवं होतं. तिथे घड्याळजींचा कारखाना होता.

"आणि चालली तर?"

"तर गॅलरीचं नाव काढणार नाही. पण चालली की नाही, हे तुम्ही नाही ठरवायचं. तुमच्या मते ती आपोआप मिटणारी छत्रीसुद्धा चालत होती."

साहित्य

विज्ञान केंद्रातल्या तपासनीस बाई हौशी मंडळींचे शोध तपासून देत. त्यांनी उशी कानाशी धरून हलवली.

"स्वतःचा शोध प्रत्येकाला चालताना दिसतोच," त्या म्हणाल्या. "म्हणून एक खोटी उशी करा. वजन तेच, आकार तोच, फक्त पंप नको. खरी कुठली, ते झोपणाऱ्याला कळता कामा नये, नोंद ठेवणाऱ्यालाही नाही. आणि नोंद ठेवणारा तटस्थ हवा."

घरातले नावाजलेले घोरणारे म्हणजे घड्याळजींचे सासरे. तटस्थ म्हणून बायको बसली.

साहित्य (राहून गेलेलं)

खोटी उशी हलकी भरली. वजन जुळवायला घड्याळजींनी तिच्यात जुन्या घड्याळांची चाकं कोंबली. तरी कमी पडलं, तेव्हा छत्रीच्या काड्या.

कृती आणि निरीक्षण

पहिल्या दुपारी सासरे असे घोरले, की शेजारीण दारात आली. "वहिनी, पाण्याची मोटर चालू राहिलीय का तुमची?"

दुसऱ्या दुपारी, दुसऱ्या उशीवर, चिडीचूप.

"चालली हो," बायको पडेल आवाजात म्हणाली. गॅलरी गेली म्हणून तिचं तोंड उतरलं होतं. घड्याळजींचं तिच्याहून जास्त.

"ही खोटी आहे," ते म्हणाले.

बायकोने मापपट्टी शोधायला घेतली.

अनुमान (खोडलेलं)

"चालली कसली, जावईबापू," सासरे गाल चोळत उठले. "डोळ्याला डोळा नाही लागला. काड्या टोचत होत्या. ही दाराआड कान लावून बसलेली, म्हटलं पोरीचा हिरमोड कशाला, पडून राहिलो गुपचूप. कालची उशी मात्र झकास. तीच द्या मला."

घड्याळजींनी तपासनीस बाईंना फोन केला.

"मग ही परीक्षाच नाही झाली," बाई म्हणाल्या. "माणूस झोपलाय की नाही, एवढं तरी बघायचं. पुन्हा करा."

कृती (ठरवून न केलेली)

बायको तोवर गॅलरी मोजत होती. दोन दुपारी कान टवकारून बसल्याचा शीण होताच. खरी उशी डोक्याखाली घेऊन ती तिथेच आडवी झाली.

आणि घोरू लागली.

पंप फुसफुसला. मान वळली. सूर बदलला, एवढंच. घोरणं सुरूच. जावई आणि सासरे उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते.

"आईवर गेलीय," सासरे कुजबुजले.

बायको दचकून जागी झाली. "मी घोरले का हो?"

घड्याळजींनी गॅलरीकडे पाहिलं. पकडी, स्प्रिंगा, अर्धवट सोडलेला शेंगा सोलायचा पंखा.

"नाही," ते म्हणाले.

"बाबा?"

"छे," सासरे छताकडे बघत म्हणाले.

ती विचारात पडली. "लग्न झाल्यापासून रोज सकाळी म्हणत आलात, मी घोरते म्हणून. आज पहिल्यांदा नाही म्हणालात." तिने मापपट्टी गुंडाळली. "म्हणजे उशी चालते. ठेवा तुमची गॅलरी."

घड्याळजींच्या हातातला फोन अजून चालू होता. त्यातून बाईंचा आवाज आला, "नोंद कोणी ठेवली?"

बायकोने फोन घेतला. "यांनीच."

"तटस्थ आहेत का?"

"माझ्या बाजूनं आयुष्यात एक शब्द बोललेले नाहीत, बाई," ती म्हणाली. "साक्षीदार अगदी पक्का आहे."