मॅकडेव्ही म्हणजे मडावीच!

"सोयरीक जुळवनं म्हंजे माह्या डाव्या हातचा मळ!" असं चंदन गेडाम मिशीला पीळ देत सांगायचा. म्हणून भाची रंजीता परदेशी नवरा पसंत करून आली, तेव्हा तिने आधी मामालाच गाठलं.

रंजीता मडावी स्कॉटलंडात नर्स. पोरगा तिथलाच, इयान मॅकडेव्ही. उंची अशी, की आलापल्लीच्या सागवानानेही त्याला मान वर करून बघावं! तिचे वडील सुकलू यांनी मात्र अट घातली. "पोरगा गोरा असो का निळा, पत्रूबाबा हो म्हनतीन तं माहं हो!"

पत्रूबाबा म्हणजे गावातलं जाणतं माणूस. गोंडांच्या लग्नात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: देव किती? ज्यांच्या कुळदेवांची संख्या सारखी, ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही म्हणजे नाही.

"मामा, पत्रूबाबा नाई म्हनले तं?" रंजीताचे डोळे भरून आले.

"मी हाय ना वो!"

दुसऱ्या दिवशी सुकलूच्या अंगणात सारं गाव जमलं.

"पावन्याचं आडनाव काय?" पत्रूबाबांनी विचारलं.

"मॅकडेव्ही," इयान हसून म्हणाला.

"हे कोनतं कूळ?"

चंदनची जीभ वळवळली. "बाबा, नीट आयका ना! मॅक-डेव्ही. म-डावी! आपलेच मडावी हायेत. कधी काळी समुद्रापार गेले, थंडीनं जीभ आखडली, बस्स!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! सुकलूने पाहुण्याला मिठी मारली. एका काकूने त्याचे पाय धुतले. पोरं गल्लीभर ओरडत सुटली, "रंजीताबाईचा भाऊ आला! भाऊ आला!"

ते ऐकून चंदन पोरांना आवरायला धावला.

"मडावी म्हंजे सात देवाचे," पत्रूबाबा म्हणाले, "अन् रंजीता बी मडावीच. हे तं बहीनभाऊ झाले! लगन कायचं लावता?"

रंजीताने मामाकडे असं काही पाहिलं, की त्याची मिशी आपोआप खाली आली! इयान मात्र खुशीत आपले धुतलेले पाय न्याहाळत होता.

"मामाचं आयकू नका!" रंजीता उभी राहिली. "त्यायच्याकडे मॅक म्हंजे पोरगा. डेव्ही म्हंजे डेविड. जुन्या काळी कोनी डेविड होता, त्याचे पोरं ते मॅकडेव्ही. मडावीशी काई संबंध नाई!"

"बरं, मंग देव किती?"

रंजीताने इयानला विचारलं आणि उत्तर सांगितलं, "एकच. तो बी फक्त नाताळाले."

पत्रूबाबांनी डोकं खाजवलं. "एका देवाचं कूळ आपल्यात नाई. कोनी तरी पोराले आपल्या कुळात घ्या. मडावी सोडून."

रंजीताचा उतरलेला चेहरा चंदनला बघवेना. "मी घेतो! आमी गेडाम, सहा देवाचे. आजपासून हा माहा पोरगा!"

"मामाचा पोरगा अन् आत्याची पोरगी!" पत्रूबाबा खुलले. "याच्याहून चांगली सोयरीक कोनती? लावा लगन!"

ढोल वाजू लागले. रंजीता हसत-रडत मामाच्या गळ्यात पडली आणि चंदनलाही भरून आलं. तेवढ्यात त्याची बायको अन्नपूर्णा कानाशी येऊन म्हणाली, "नवरदेवाचे बाप आता तुमी. आपल्यात लगन नवरदेवाच्या दारी लागते. मांडव, जेवन, सारं आपल्याकडे!"

"मंग काय झालं? पोराकडले दोन-चार मानसं तं येतीन!"

"मामा," रंजीता म्हणाली, "इयान पुसून राह्यला, त्याचं सारं कूळ आलं तं चालन ना?"

"चालन ना! किती मानसं असतीन?"

रंजीता जरा घुटमळली. "काय सांगू मामा... त्या डेविडले लय पोरं होते!"