कोनाड्यातला आरगॉन

"चार म्हैनेबी टिकला न्हाय मुडदा," विजेचा बल्ब कानापाशी हलवत नागव्वा पुटपुटली. आत तुटलेली तार किणकिणली.

तिचा धाकटा भाऊ बसवराज हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचा. ताटावरून मान न उचलता तो म्हणाला, "टाकून दे की, अक्का. आत नुसता आरगॉन वायू हाय. लई आळशी. तापवा, जाळा, कुणाशी म्हणून जुळत न्हाय."

"कुणाशीच?"

"कुणाशीच."

नागव्वाचा हात थांबला. जे कुणाशी जुळत नाही, त्याला विटाळ कसला? याहून मडी, याहून सोवळं आणखी काय असणार? संध्याकाळी बसवराज घरी आला, तेव्हा बल्ब पूजेच्या कोनाड्यात होता. काचेवर विभूतीची तीन बोटं.

शेजारच्या केराबाईला कळायला वेळ लागला नाही. तिचा जावई वाईट संगतीला लागला होता. "कुणातच मिसळू नये बाई तो," म्हणत तिनं बल्बापुढं नारळ फोडला. जावयाला योगायोगानं हिवताप आला नि तो घरीच पडून राहिला. मग काय! गल्लीतल्या सगळ्या सासवा कोनाड्यापुढं रांगेत.

"अक्का, ही काच हाय," बसवराज कळवळून म्हणाला.

"आन् पूजेतला तांब्या काय सोन्याचा हाय?"

अशात अक्कलकोटचे गुरुबसप्पा आपल्या मुलीसाठी बसवराजला बघायला आले. भावानं चाळिशी गाठलेली. आपण डोळे मिटले की याच्या चुलीत कोण फुंकणार, हा नागव्वाचा घोर. तिनं पाहुण्यांना आधी कोनाड्याचं दर्शन घडवलं, महिमा सांगितला, आणि कौतुकानं म्हणाली, "आमचा बसूबी आगदी तसाच बगा. तापवा, जाळा, कुणाशी जुळायचा न्हाय."

गुरुबसप्पांनी चहा बशीत ओतला, प्याले आणि अक्कलकोटची गाडी धरली.

नागव्वा पदर तोंडाला लावून बसली. तेवढ्यात जगदेवी वर्तमानपत्र न्यायला आली. समोरच्या खोलीत राहणारी, मुलींच्या शाळेत शिकवणारी विधवा. शाळेत फुकट वाचलेलं वर्तमानपत्र बसवराज रोज पुन्हा विकत का आणतो, हे नागव्वाला ठाऊक होतं. विधवेची उडकी, म्हणजे दुसरं लग्न, जातीत चालायची; पण आपल्या घरात कधी लागली नव्हती. म्हणून ती अक्कलकोट, मोडनिंब पालथं घालत होती, आणि समोरच्या खोलीकडं काही तिची नजर जात नव्हती.

"रडू नका, अक्का," जगदेवी म्हणाली. "मास्तर, ते विलायती मासिकातलं सांगा की."

बसवराजनं घसा खाकरला. "अमेरिकेत एकजण म्हणतोय, आरगॉनबी जुळतो. बोरॉनच्या एका वायूसंगं. खरं-खोटं अजून ठरायचंय. पण त्याला लई थंडी लागती. आन् लई दाब."

"जुळतो?" नागव्वानं डोळे पुसले. "मग मला अगुदर कुणी का न्हाय सांगितलं?"

बसवराज बल्बाकडं बघत होता, जगदेवी वर्तमानपत्राची घडी घालत होती. घडी केव्हाच घालून झाली होती.

नागव्वा उठली. कोनाड्यातला बल्ब काढून तिनं पदरानं विभूती पुसली आणि तो केराच्या सुपात ठेवला.

"थंडी तर तुमी दोगं कवाधरनं सोसतायसा," ती म्हणाली. "दाब म्या देते. जगदेवी, पेपर राहू दे तितंच. बसूसंगं उडकी लाव."