गणपत मिस्त्रींचा लढाईचा चाकू

गणपत मिस्त्रींना रक्त पाहिलं की घेरी यायची. काष्टीच्या आसपास सगळ्यांत धारदार विळे ज्यांच्या भट्टीतून निघायचे, ते मिस्त्री न्हाव्यासमोर दाढीला बसताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे, आणि दाढी झाली की विचारायचे, "लाल काय न्हाई ना?" न्हावी न्हाई म्हणाला की मगच डोळे उघडायचे.

मी तेव्हा काष्टीच्या शाळेत मास्तर होतो. खोली भट्टीच्या समोरच होती, त्यामुळे सकाळी घणाच्या आवाजानेच जाग यायची. मिस्त्री एकटे राहत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. बहीण वारल्यावर तिचा यशवंता त्यांनीच वाढवला आणि तो पुढे फौजेत गेला.

"आधी हात, मग पातं," हे मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य. विळा करायला आलेल्या माणसाला ते ओल्या चिखलाचा गोळा मुठीत दाबायला लावत. तो गोळा वाळवायचा आणि त्याच्या मापाने लाकडी मूठ घडवायची. भट्टीतल्या फळीवर अशा वाळलेल्या मुठी ओळीने मांडलेल्या असत. कुठली कोणाची, हे ते न बघता सांगत. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, तुमची मूठ लई ढिली हाय. पोरं ऐकत्यात का तुमचं?" पोरं खरंच ऐकत नव्हती.

एकाहत्तर साली, पोळा झाल्यावर यशवंता महिन्याच्या रजेवर आला. त्याच्या पलटणीतल्या एका गोरखा दोस्ताकडे खुकरी होती. यशवंता मामांना म्हणाला, मलाही असं एक हत्यार करून द्या, कायम कमरेला राहील असं.

मिस्त्रींनी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारलं, चाकूने माणसं लढतात म्हणजे नेमकं काय करतात? मला काय माहीत असणार? पण मास्तरला सगळं येतं अशी त्यांची समजूत होती. शेवटी भट्टीसमोरच्या अंगणात यशवंताच्या हातात बाभळीच्या लाकडाचा चाकू आणि शत्रू म्हणून मी, माझ्या हातात ढाल म्हणून सूप. मिस्त्री उकिडवे बसून यशवंताच्या मनगटाकडे बघत होते. माझं सूप फाटलं तेव्हा ते समाधानाने उठले.

खुकरीसारखं वाकडं पातं त्यांनी नाकारलं. वाक हा ओढून कापायला, तो विळ्याला शोभतो, असं त्यांचं म्हणणं. याला पातं सरळ हवं, वीतभर लांब, आणि त्याचं शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं, म्हणजे कितीही जोर पडला तरी मुठीतून निखळणार नाही. पुठ्ठ्याचे सात नमुने कापले. सातवा पसंत पडला.

लोखंड ट्रकच्या मोडक्या पाट्याचं. ठोकून, कानसून पातं झालं, आणि पाणी द्यायला, म्हणजे कडक करायला, लालभडक करून करडईच्या तेलात बुडवलं, तर टिण असा आवाज झाला. पात्याला केसाएवढी चीर गेली होती. मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसरं पातं टिकलं. मग ते मंद आचेवर धरून गव्हाच्या काडीच्या रंगावर आणलं, म्हणजे ठिसूळपणा जातो. परीक्षेसाठी कडुलिंबाच्या फांदीला लाल भोपळा टांगला. मिस्त्रींनी डोळे मिटून चाकू खुपसला. चाकू आरपार गेला. भोपळ्यातून पाणी ठिबकायला लागलं तसे मिस्त्री खाली बसले आणि आम्हाला त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

आता मूठ आणि आडवी पट्टी राहिली होती. खुपसताना हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून मध्ये पट्टी लागते. ती पितळेची हवी, गंजता कामा नये. पितळ कुठून आणायचं? मिस्त्रींनी स्वतःच्या दाराची कडी उखडली. त्यानंतर त्यांचं दार सुतळीने बांधलेलं असे.

तेवढ्यात तार आली. यशवंताची रजा रद्द झाली होती आणि परवाच्या गाडीने निघणं भाग होतं. शिसवीची मूठ अजून नुसती तासलेली होती. मिस्त्री दोन दिवस भट्टीवरून हलले नाहीत.

स्टेशनवर आम्ही तिघं गेलो. मिस्त्रींच्या खिशात कानस होती. यशवंताने मूठ धरायची, मिस्त्रींनी बोटांकडे बघायचं, चाकू परत घ्यायचा आणि चार हात कानस मारायची, असं फलाटावर चाललं होतं. माणसं गोळा झाली. गाडी दिसली तरी करंगळीपाशी टोचत होतं. गाडी थांबल्यावर ते टोचायचं बंद झालं. मिस्त्रींनी चाकू म्यानात सारला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "तेल लावीत जा."

पुढे लढाई पेटली. यशवंता सुखरूप परत आला हे आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. चाकूही आला, डबे फोडून फोडून टोकाला बोथट झालेला. पण मला राहून राहून आठवतं ते लढाईच्या दिवसांत आलेलं त्याचं पत्र. मीच ते मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चाकू सगळ्या पलटणीला आवडला, दोर आणि कांदे झकास कापतो.

"आनि मानसाला?" मिस्त्रींनी विचारलं.

तसं काही लिहिलेलं नाही, मी म्हटलं. त्यांनी मला पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग भट्टीच्या कट्ट्यावर टेकले आणि उत्तर लिहा म्हणाले. मला वाटलं, तेलाबद्दल, धारेबद्दल सांगतील. मी लेखणी धरून बसलो होतो.

"लिवा," ते म्हणाले. "चाकू हातातनं पडला, तर उचलायला वाकू नको. तसाच पळ. मी दुसरा करीन."

मी लिहिलं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून वाचून घेतलं, आणि त्याच्याखाली एक रेघ ओढायला सांगितली.