अप्पांचे हमाल

मोबाइल चार्जिंगला लावावा म्हणून मी शिवलिंगअप्पांच्या भिंतीतली एक पिन उपसली आणि आतून अप्पा ओरडले, "सर, हमाल मारले की तुम्ही!"

घरात अप्पांशिवाय माणूस नव्हता. देवघराशेजारी पाटावर एक जुना कॉम्प्युटर होता, तो मी नुकताच बंद पाडला होता.

लातूरच्या बाजारात उभी हयात आडत केलेले आमचे हे शेजारी म्हातारपणी 'सर्व्हरलेस'च्या नादी लागलेत. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसलेलं, एवढं इंग्रजी मला येतं. म्हणालो, "अप्पा, जे नाहीच ते मी बंद कसं पाडीन?"

"आसतंय हो! फकस्त त्याच्याकडं बघत बसायचं न्हाई. आडतीवर हमाल लिंबाखाली झोपत्यात का न्हाई? ट्रक आला, हाक मारली, उठले, पोती उतरवली, परत आडवे. तसे हे बारके बारके प्रोग्राम. लोक कंपन्यांकडून भाड्यानं घेत्यात, मी घरी बसवलेत. काम आसंल तर उठायचं, न्हाई तर गप पडायचं!"

हे शेवटचं त्यांचं ब्रीद. मला ऐकवताना ते फक्त उत्तरार्ध म्हणतात.

एक हमाल टाकीवर. नळाला पाणी आलं की तो उठतो आणि सगळ्या गल्लीच्या मोबाइलवर निरोप धाडतो. दुसरा स्वयंपाकघरात. काकू गेल्यापासून अप्पा स्वतः वरण लावतात आणि शिट्ट्या विसरतात, म्हणून माइक लावून हा हमाल शिट्ट्या मोजतो. पण त्याला घरं कळत नाहीत. आमच्या कुकरच्या शिट्ट्याही तो अप्पांच्याच नावावर टाकतो. आमचा भात झाला की अप्पांचं वरण कच्चं उतरतं. डाळीच्या गावात कच्चं वरण खाणारा हा एकच आडत्या.

हिने एकदा सुचवलं, "अप्पा, तुम्हीच कान द्या की शिट्ट्यांकडे."

"मग हमालानं काय करायचं?"

परवा रविवारी गेलो तर कॉम्प्युटर मुका. अप्पा मात्र धुतलेला सदरा घालून, कपाळाला ताजं भस्म लावून, फोन मांडीवर घेऊन निवांत बसलेले. मागची इंटरनेटची तार निघाली होती. जुन्या पापाची भरपाई म्हणून मी ती पटकन खोचली. दिवे लुकलुकले. अप्पांचा चेहरा पडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं हो?"

तेवढ्यात फोन वाजला. महेश, त्यांचा पुण्यातला मुलगा. हे सगळं त्यानेच त्यांना फोनवरून शिकवलेलं. अप्पांनी स्पीकर लावला.

"अप्पा, मेसेज बघितला. अजून बंदच आहे का?"

"न्हाई. झालंय चालू."

"मग काही नाही. जेवलात ना? ठेवू?"

"हाव. ठेव."

एरवी रविवारी बंद पडलेला प्रोग्राम दुरुस्त करताना बापलेकांचं भांडण तासभर आमच्या खिडकीतून ऐकू येतं. "अप्पा, स्वल्पविराम राहिला!" "दिलाय की रे, डोळे न्हाईत का मला!" ती तार आपोआप निघत नव्हती, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. तार उपसणं वेगळं. चालू असलेलं बंद आहे, असं तोंडाने खोटं बोलणं अप्पांना जमत नाही.

मी वाकलो आणि नुकतीच खोचलेली तार उपसली.

"थांब थांब, महेश! बंद पडलं की रे!"

"परत? बरं, सांगा काय दिसतंय. थांबा, खुर्ची ओढून घेतो."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानेच 'गप पडा' अशी खूण केली.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. भाकरी उलटत ती म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्ही काहीतरी नीट बिघडवलेलं आज पहिल्यांदा ऐकतेय."