रजेचा सर्व्हर

संगणकरावांचा सर्व्हर घरी जेवणाच्या टेबलावर, एका जुन्या लॅपटॉपवर चालू होता आणि संगणकराव स्वतः ऑफिसात साहेबांसमोर घाम पुसत उभे होते. हे नाव त्यांना ऑफिसनेच ठेवलेलं. वय कोवळं, नोकरी तात्पुरती. आजचा प्रयोग जमला तर कायम करतो, असा शब्द साहेबांनी दिला होता. प्रयोग तसा साधा. ऑफिसातल्या मशीनने लांबच्या सर्व्हरला हाक मारायची, 'अमक्याला रजा देऊ का?' सर्व्हरने शिल्लक रजा बघायची आणि 'मंजूर' असं उत्तर धाडायचं. मिनिटभरात उत्तर आलं नाही, तर 'नामंजूर'.

पहिली हाक गेली. पडद्यावर चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. तेव्हा कुठे संगणकरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल घरी तपासणी करताना प्रत्येक हाक नीट वाचता यावी म्हणून त्यांनी सर्व्हरला मध्येच थांबायला शिकवलं होतं. कोणी एंटर दाबल्याशिवाय तो पुढे सरकणार नव्हता, आणि ती सोय काढून टाकायचं राहून गेलं होतं.

"आलोच हं सर, नेटवर्कची जरा गडबड आहे," म्हणत ते जिन्यात पळाले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई, टेबलावरच्या लॅपटॉपचं एंटर दाब, पटकन! वळलेल्या बाणाचं मोठं बटण."

"भाजी चिरतेय रे. हात ओले आहेत."

"पुसून दाब! आणि नवीन काही उमटलं की दर वेळी दाबत जा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

ते परत आले तेव्हा पडद्यावर 'मंजूर' झळकत होतं. साहेब एकदम खूश. "चला, सगळ्यांनी एकेक अर्ज करून बघा!" झालं, संगणकराव आगीतून फुफाट्यात पडले.

रिसेप्शनवरच्या बाईंनी मुलीच्या परीक्षेसाठी रजा मागितली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मंजूर! मग हिशेबनीस बसले. चाक फिरलं, मिनिट संपलं, नामंजूर. शिल्लक रजा तर ढीगभर होती. संगणकराव पुन्हा जिन्यात.

"आई, दाबलं का नाहीस?"

"वाचलं म्हणून नाही दाबलं. म्हणे पुढच्या शुक्रवारी डोकं दुखणार आहे. ते याला आजच कसं कळलं?"

"अगं, तू वाचायचं नाहीस!"

"समोर लिहिलंय आणि वाचू नको? डोळे मिटून बसू का?"

इकडे साहेबांनीही तो अर्ज वाचला होता. "वा! थाप बरोबर पकडली की यानं! कसं जमवलंत हो हे?"

"नियम... नियम घातलेत सर," संगणकराव म्हणाले. थाप एकदा घरात शिरली की मुक्कामालाच राहते. साहेबांना चेव आला. त्यांनी स्वतःच्याच रजेचा अर्ज केला. कारण, 'महत्त्वाचं काम'. नामंजूर! साहेबांनी मान खाली घालून खरं कारण लिहिलं, 'बायकोला फिरायला नेईन असं म्हणतो आणि नेत नाही'. क्षणात मंजूर. साहेब गहिवरले.

"आजपासून सगळ्यांच्या रजा हाच बघणार. दुपारी मोठे साहेब येताहेत, त्यांनाही दाखवू."

तेवढ्यात आईचा मेसेज आला, 'दुपारी मैत्रिणीकडे जाते आहे. तुझं यंत्र तू बघ.' संगणकरावांच्या पायाखालची जमीन सरकली. आता घरी जाऊन ते एंटर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"सर, मला अर्धा दिवस सुट्टी मिळेल?"

"मला काय विचारता? सर्व्हरला विचारा!"

साहेब मागे उभे राहिले. दुसरं काही सुचेना, तेव्हा संगणकरावांनी लिहून टाकलं, 'आई अंथरुणाला खिळली आहे'. अर्ज गेला, आणि तो वाचणार कोण हे त्यांना त्यानंतर आठवलं.

चाक फिरत असतानाच टेबलावरचा फोन वाजला. त्यावर 'आई' असं नाव. साहेबांनी काळजीने स्वतःच तो उचलला आणि स्पीकर लावला. "कशी आहे हो आता तब्येत?"

"कुणाची? मी ठणठणीत आहे! अंथरुणाला खिळले म्हणे! हे वाचायला सकाळपासून इथे बसलेय का मी? एंटर दाबणार नाही म्हणजे नाही!"

साहेबांनी फोनकडे पाहिलं, पडद्यावर उमटलेल्या 'नामंजूर'कडे पाहिलं आणि मग संगणकरावांकडे. सगळा उलगडा व्हायला त्यांना फार वेळ लागला नाही. कायम नोकरी गेलीच, आता तात्पुरतीही जाणार, असं वाटून संगणकराव रडायच्या बेतात आले.

"बाई, अजून थोडा वेळ आहात ना घरी?" साहेबांनी विचारलं.

"आहे की."

साहेब शांतपणे खुर्चीत बसले आणि त्यांनी नवा अर्ज टाइप केला. 'या मुलाला नोकरीत कायम करावं. कारण, मुलगा हुशार आहे आणि कधी खोटं बोलत नाही.' अर्ज गेला. चाक फिरू लागलं.

"आई, दाब ना गं!" संगणकराव फोनवर वाकून किंचाळले.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "कारण वाचतेय."