आमच्या घराची प्रवासरजा

आमच्या शिरंगी गावात पंचवीस वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या घराला नगरपालिका आठ दिवसांची प्रवासरजा देते, आणि यंदा दिवाळी झाल्यावर आमच्या घराचा नंबर लागला.

रजा मिळणं काही अवघड नसतं. घर कुठे खचलेलं, कललेलं नसलं की झालं. आमचं घर तर इतकं सरळ की तपासायला आलेल्या माणसाने दोनदा ओळंबा लावून पाहिला आणि दोन्ही वेळा नुसती मान डोलावली. आमचं आहे म्हणून सांगत नाही, पण आमच्या गल्लीत असं दुसरं घर नाही. जायचं कुठे तेही ठरलं होतं, आंबोली घाट उतरून समुद्रावर. खरी डोकेदुखी पुढे असते. घराला न्यायचं कसं, हे ठरवावं लागतं. पायाखाली चाकं तर लागतातच. पण एक तर घराला स्वतःचं इंजिन बसवून घ्यायचं, नाहीतर पुढे आकडा लावून जीपमागे ओढत न्यायचं. नगरपालिका दोन्ही देत नाही आणि एकदा ठरलं की बदलून देत नाही.

त्यासाठी प्रवासरजा विभागाचे मुल्लासाहेब घरी आले. सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या, आत येऊन आधी घराला नमस्कार केला, मग आम्हाला. घरातली सगळी जमली होती, म्हणजे मी, आमचे हे आणि मुलगा धैर्यशील.

ह्यांची ओळख आधी करून देते. रावसाहेब चौगुले. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि परत, हीच गाडी त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली आणि एक ओरखडासुद्धा कुणाला उठू दिला नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून कपाटात आहे आणि दर दसऱ्याला मी तो चिंचेने घासते. त्या तीस वर्षांत मी, आणि बांधल्यापासून घरानेही, एकच काम केलं. ह्यांची वाट पाहिली.

मुल्लासाहेबांनी शांतपणे समजावलं. "इंजिनाचं घर असलं, की चालू असताना तुम्ही आत वावरू शकता. चहा करा, पडा, काही हरकत नाही. पण मुक्कामाला लावलंत की दूध आणायलासुद्धा अख्खं घर घेऊन जावं लागतं. ओढीव घराचं उलटं. मुक्कामाला आकडा सोडला की जीप मोकळी, कुठंही फिरा. पण रस्त्यात असताना आत कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी जीपमध्ये."

"इंजिन," हे म्हणाले.

"इंजिन," घर म्हणालं. "मी काय उसाची ट्रॉली हाय व्हय, मला दोर लावून ओढायला? पंचवीस वर्सं कुणाचा टेकू घेतला न्हाई मी."

घर एरवी फारसं बोलत नाही, पण ताठा सगळा बापाचा घेतलाय. ह्यांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं, आमच्या धैर्यशीलनंतर तीन वर्षांनी, आणि तेव्हापासून ते ह्यांना अण्णा आणि मला आई म्हणतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या हुक्केरींचं घर जीपमागे बांधून मालवणला जाऊन आलं. परत आल्यापासून त्याच्या तोंडी समुद्राशिवाय दुसरा विषय नाही. आमचं घर एवढंच म्हणायचं, "गेलंतं की बांधून."

"आणि वहिनी, तुमचं काय?" मुल्लासाहेबांनी विचारलं. मालक, मालकीण आणि घर, तिघांची संमती लागते.

"ओढीव," मी म्हणाले.

घराच्या दोन खिडक्या आपटल्या.

मी कारण स्पष्ट सांगितलं. सांगायला लाज कसली? मला ह्यांच्या शेजारी बसून तो रस्ता बघायचा होता. तीस वर्षं ज्या रस्त्याने माझा नवरा गेला आला, त्याबद्दल ह्यांनी मला एवढंच सांगितलंय, की गाडी वेळेत होती किंवा नव्हती. घराला इंजिन लावलं की हे पुन्हा स्टिअरिंगवर, आणि स्टिअरिंगवर बसलेला हा माणूस ब्रह्मदेव आला तरी बोलत नाही. जीप धैर्यशील चालवेल, आम्ही दोघं मागे बसू, मग ह्यांना बोलल्याशिवाय काम काय?

"दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मला बसवत न्हाई," हे म्हणाले.

"सवय व्हईल."

मुल्लासाहेब समजूतदार. म्हणाले, "एकदा बसून बघा. मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलने आम्हाला जीपमध्ये मागे बसवून बाजारापर्यंत नेऊन आणलं. मी मुद्दाम विषय काढत होते. हे समोर बघत होते. प्रत्येक वळणाला ह्यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नव्हताच. म्हैस आडवी आली तेव्हा इतक्या जोराने दाबला की पायाखालची रबरी चटई फाटली. परत आलो तेव्हा ह्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि बाजारापर्यंत जाऊन येताना हे एकच वाक्य बोलले होते. ते "हॉर्न दे" हे होतं, आणि तेही मला नाही.

"आई," धैर्यशील म्हणाला, "समुद्रापातूर असं झालं तर अण्णांना उतरवून दवाखान्यातच न्यावं लागंल."

म्हणजे इकडेही बोलणं नव्हतं आणि तिकडेही नव्हतं. मला फार राग आला. त्या रागातच मी स्वयंपाकघरात गेले, तर घर दबक्या आवाजात म्हणालं, "आई, अण्णांनी खाकी काढलीया." मी वाकून पाहिलं. खोलीत हे जुना युनिफॉर्म अंगाला लावून आरशासमोर उभे होते. पोट जरा आड येत होतं, पण खांदे तसेच होते, पहिल्या दिवशी ड्यूटीवर निघाले होते तेव्हासारखे. माझा राग कुठल्या कुठे गेला असं म्हणणार नाही. पण त्या माणसाचा मला अभिमान वाटला आणि मी इंजिनाच्या कागदावर सही केली.

नगरपालिकेच्या वर्कशॉपमधून फिटर आले. त्यांनी सोप्यातल्या दिवाणाखाली इंजिन बसवलं, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला वायपर लावला आणि तिच्यासमोर स्टिअरिंग रोवलं. हे दिवसभर त्यांच्या मागे उभे. शेवटी स्वतः ब्रश घेऊन ह्यांनी सोप्याच्या भिंतीवर सुबक अक्षरांत लिहिलं, चालकाशी बोलू नये. मी ते वाचलं आणि ओट्यावरचे डबे जरा जास्तच आवाज करत आवरले.

निघायच्या सकाळी अख्खी गल्ली जमली होती. हुक्केरींच्या घराने दार किलकिलं करून ठेवलं होतं, न बघितल्यासारखं बघायला. धैर्यशीलला कामाची सुट्टी मिळाली नव्हती, तेव्हा तो आमच्या मोकळ्या जागेवर आठ दिवस तंबू ठोकून राहणार होता, म्हणजे तिथे कुणी ट्रॅक्टर लावायला नको. मुल्लासाहेबांनी नारळ फोडला. हे खाकी घालून, छातीवर बिल्ला लावून स्टिअरिंगवर बसले. इंजिन सुरू झालं. मांडणीवरची भांडी थरथरली. मी दिवाणावर बसून घेतलं.

घर हललं नाही.

इंजिन चालू होतं, गिअर पडलेला होता, ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते. लोक आधी टाळ्या वाजवायला थांबले, मग नुसतेच थांबले. मुल्लासाहेब खिडकीशी आले. "चौगुले, काही बिघाड?" हे आरशात बघत राहिले. उत्तर नाही, कारण चालक बोलत नसतो.

"माझ्यात काय बी बिघाड न्हाई," घर घाईघाईने म्हणालं. हुक्केरींचं घर ऐकत होतं ना. "अण्णाच सोडंनात."

आता लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, म्हातारा विसरला. ते शब्द माझ्या कानावर पडले आणि माझं डोकं फिरलं. ह्या माणसाला विसरला म्हणता? मी उठून ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे गोंधळलेले अजिबात नव्हते. वाट बघत होते. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मी डबा द्यायला स्टँडवर जायची, तेव्हा गाडीत हे असेच बसलेले असायचे. तोंडावर तीच समजूत, की आपलं काम झालंय, आता दुसऱ्याचं बाकी आहे.

मी देवघरातून घंटा आणली आणि दोनदा वाजवली. टण टण.

घर निघालं. असं अलगद निघालं की देवापुढच्या तांब्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. तीस वर्षं ह्यांनी कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी जागची हलवली नव्हती, आणि आता घर झालं म्हणून काय नियम बदलतो? गल्लीने जे काही ओरडायचं ते ओरडून घेतलं. मुल्लासाहेब शेजारून पळत आले आणि धापा टाकत म्हणाले, "वहिनी, वाहक म्हणून तुमचं नाव लावतो, नाहीतर मला वर उत्तर द्यावं लागंल!" मी म्हणाले, लावा.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. घर एकेकीला मागे टाकत गेलं आणि एकीकडेही त्याने वळून पाहिलं नाही. आजऱ्याच्या पुढे गवश्याच्या स्टॉपवर हात दिसला तशी ह्यांनी सवयीने घर थांबवलं. भाजीच्या पाट्या घेतलेल्या दोघी बायका चढल्या, सोप्यात मांडी घालून बसल्या आणि सावंतवाडीच्या बाजारात घर थांबतं का एवढं विचारलं. थांबतं, मी म्हणाले. त्यांना चहा दिला आणि डबल बेल मारली.

मग मी ह्यांच्या मागे बसायचा वेताचा मोढा ओढून गप्प बसले. बाहेर झाडी दाट होत चालली होती.

"गप का बसलीस?" हे म्हणाले.

मला वाटलं इंजिनच काहीतरी बोललं.

"मला वाचाय येतंय," मी भिंतीकडे बोट केलं.

"ते पॅसेंजरला हाय. कंडक्टरला लागू न्हाई." ह्यांची नजर रस्त्यावरच होती. "कंडक्टर बोलला न्हाई तर ड्रायव्हरला कळणार कसं?"

इतकी वर्षं त्या कंडक्टर लोकांचा मी कधी हेवा केला नव्हता, तो त्या क्षणी एकदम केला. मोढा पुढे सरकवला, अगदी ह्यांच्या खांद्याशी. आंबोली मागे पडली आणि घाट सुरू झाला. घर वळणं अशी घेत होतं की देवांच्या तसबिरी जागच्या हलत नव्हत्या. समोरून येणारे ट्रक कडेला थांबून आधी आम्हाला वाट देत होते, आणि घर प्रत्येकाला हॉर्न देऊन आभार मानत होतं.

"आता सांगा," मी म्हणाले. "ह्या दरीत काय काय हाय? खाली गाव कुठलं? ते पांढरं दिसतंय ते काय?"

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"मला ठाव न्हाई," हे म्हणाले.

"असं कसं? तीस वर्सं गेलाय न्हवं हितनं?"

"गेलोय. बघितलं न्हाई कवा. मागं पन्नास माणसं असायची, शालन. मान वळवायची कुणी?" मग म्हणाले, "तू सांग की. पांढरं काय हाय म्हणतीस?"

ह्या माणसाने मला काही सांगितलं नाही म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते, आणि ह्याच्यापाशी सांगायला नव्हतंच काही. ते सगळं त्याने मागच्या माणसांसाठी सोडून दिलं होतं. मी बोलून गेले असते, पांढरं म्हणजे पाणी पडतंय, खाली झाडी अशी आहे, तशी आहे. पण मी वाहक होते. पुढे रस्ता जरा रुंद झाला, कठड्याशी जागा दिसली, आणि मी घंटा उचलून एकदाच वाजवली.

हे दचकले, पण पाय ब्रेकवर गेला. एक बेल झाली की थांबायचं असतं. घर कडेला थांबलं.

"हितं थांबा न्हाई," हे म्हणाले.

"बेल झालीया. उतरा."

हे उतरले. हॅंडब्रेक दोनदा तपासून, चाकाखाली दगड लावून, मग कठड्याशी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मान वळवायला ह्यांना वेळ लागला. वळवली तेव्हा समोर ती सगळी दरी होती, पार तळकोकणापर्यंत, हिरवी, आणि कुठेकुठे धूर निघणारी. हे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लई मोठी हाय की गं." आणि बोलायला लागले. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, ह्याच वळणावर पाय कसे कापत होते तिथून. मी ऐकत उभी राहिले. ऊर माझा इतका भरून आला होता, जसा काही तो घाट आम्ही दोघांनीच बांधला होता.

बऱ्याच वेळाने खिडकीतून त्या पाट्यावाल्या बायकांचा आवाज आला. बाजार उठंल, घर कवा सुटणार, म्हणून एक विचारत होती. आम्ही दोघंही वळलो नाही. घरानेच तिला सांगितलं, "बसा मावशी. आमच्यात बेल झाल्याबिगर सुटत न्हाई."